आउनेने न झाडलेली गोळी

आमच्या गावात बर्चची पानं पिवळी पडायला लागली की लोक डॉक्टरपेक्षा आउने हॅर्कोनेनकडे जास्त जातात. एल्कच्या, म्हणजे इथल्या थोरल्या हरणाच्या, शिकारीचा मोसम तोंडावर आलेला असतो आणि प्रत्येकाला आपली बंदूक एकदा तिच्या हाताखालून घालायची असते. तसा काही नियम नाही. पण जो गेला नाही त्याच्याकडे ती शिकारघरात कॉफी ओतताना अशी बघते, की पुढच्या वर्षी तो सगळ्यांच्या आधी तिच्या ओसरीवर हजर असतो.

दिसायला म्हणाल तर बाई एवढीशी. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावरची लोकरीची टोपी उन्हाळ्यातसुद्धा निघत नाही. उभा जन्म लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात गेला. बंदूक हातात आली ती नवरा वारल्यावर. रेइनो म्हणजे ताडमाड माणूस, त्यामुळे त्याच्या बंदुकीचा खांद्याला टेकवायचा दस्ता तिला लांब पडायचा. त्याला मातीआड करून महिनाही झाला नसेल, तिने सरळ करवत घेतली आणि दस्ता दोन बोटांएवढा कापून टाकला. गावात केवढी चर्चा झाली! आमचा शिकारप्रमुख ओस्मो तेव्हा तरणाबांड होता. तो तावातावाने तिच्या घरी गेला.

"अगं, रेइनोची आठवण होती ती!"

"आठवण मला आहेच," आउने म्हणाली. "हात मात्र त्याच्याएवढे लांब नाहीत. बस, कॉफी घे."

नवी बंदूक घ्यायला निघालेल्याला ती एवढंच सांगते. दुकानात डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. बंदुकीवरच्या दुर्बिणीत सगळं मधोमध दिसलं तर ती बंदूक तुझी. मान वाकडी करून शोधावं लागलं, तर ती दुसऱ्या कोणाची तरी आहे, त्याला घेऊ दे. तेरोने हे ऐकलं नाही. तेरो आमच्या शिकारी दलातला सगळ्यात उतावळा गडी, लाकडाचा ट्रक चालवतो. त्याने शहरातून काळी चकचकीत बंदूक आणली, तिच्यावर अशी दुर्बीण की चंद्रावरचे खड्डे मोजावेत. आउनेने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"छान आहे," म्हणाली. "फक्त हिच्याबरोबर एक धीराचा माणूसही द्यायला हवा होता त्यांनी."

सगळे हसले. तेरोही हसला, पण तेव्हापासून त्याच्या मनात ते राहिलं.

मी सेप्पो, दलातला कुत्रेवाला. कुत्रीला घेऊन रानात शिरायचं, एल्क उठवायचा आणि टपून बसलेल्यांकडे न्यायचा, हे माझं काम. बंदुकीतलं मला बेताचंच कळतं. तरी आउने नळी साफ करते तेव्हा मी मुद्दाम ओसरीवर रेंगाळतो. ती बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती खिट्टी, काढून ठेवते, गजाला चिंधी लावून एका दमात आरपार घालते आणि नळी उजेडाकडे धरून तिच्यातून बघते. त्या वेळी कोणी बोलत नाही. चर्चमध्येसुद्धा आमचे लोक इतके गप्प बसत नाहीत. तेल तिचं थेंबभर असतं, कारण थंडीत जास्तीचं तेल घट्ट होतं आणि चाप ओढला तरी काडतूस पेटत नाही. शिकारीच्या आदल्या दिवशी नळी कोरडी पुसायची, तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाते. गारठ्यातून आणलेली बंदूक एकदम चुलीच्या उबेला न्यायची नाही, तिला घाम फुटतो. हे सगळं ती आईने पोराला कानटोपी घालायला सांगावं तसं सांगते, आणि आम्ही मोठमोठे बाप्ये मुकाट्याने ऐकतो.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे, तो ऑक्टोबरातला शेवटचा रविवार. आमच्याकडे एका मोठ्या नराचा परवाना उरला होता. त्याच्याच मांसाचा रस्सा पुढच्या शनिवारी गावजेवणाला व्हायचा होता. ज्यांच्या रानात आम्ही वर्षभर हिंडतो त्या जमीनमालकांना वर्षातून एकदा जेवायला घालायचं, ही इथली रीत. पहाटे ओस्मोने टपून बसायच्या जागा वाटून दिल्या. दलदलीच्या टोकाला आउने, टेकडीच्या पलीकडे तेरो, बाकीचे रस्त्याच्या कडेने. मी कुत्रीला सोडलं.

तुइस्कुने, म्हणजे माझ्या कुत्रीने, नर शोधला आणि मी तो पाहिला. मी आयुष्यभर एल्क पाहत आलोय, पण त्याला बघून माझे पाय जमिनीला चिकटले. घोड्यापेक्षा उंच, खांद्यावर दहिवर गोठून पांढरं झालेलं, शिंगं उघडलेल्या दारांएवढी. तुइस्कु त्याच्यापुढे भुंकून भुंकून घसा फोडत होती आणि तो तिच्याकडे कुतूहलाने पाहत होता. मग तो शांतपणे वळला आणि दलदलीकडे चालू लागला. थेट आउनेच्या दिशेने.

मी रेडिओवर कुजबुजलो, "आउने, येतोय तुझ्याकडे. चालत येतोय."

उत्तर आलं नाही. येऊही नये अशीच वेळ होती. मी गोळीच्या आवाजाची वाट बघत उभा राहिलो. तुइस्कुचं भुंकणं दलदलीच्या टोकाशी एका जागी थांबलं, म्हणजे नर तिच्यापुढे उभा होता. भुंकणं तिथेच. अजून तिथेच. मग भुंकणं हळूहळू नदीकडे सरकलं आणि पलीकडच्या तीरावर गेलं. तिथे दुसऱ्या दलाचं रान लागतं.

रेडिओ खरखरला. "आला होता," आउनेचा आवाज. "उभा राहिला. गेला. मी झाडली नाही."

मी तिच्या जागेपाशी पोचलो तेव्हा गोठलेल्या चिखलात खुरांचे ठसे होते. दगड भिरकावला तर लागेल इतक्या जवळ. मला भयंकर राग आला. सकाळपासून कमरेइतक्या झुडपांतून तंगडतोड केली होती मी. "आउने, हे काय गं?" एवढंच तोंडातून बाहेर पडलं. तिने बंदूक खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "चल. एकदाच सगळ्यांपुढे सांगते."

शिकारघरात शेगडी धडधडत होती, पण कोणी कॉफीला हात लावत नव्हतं.

"सकाळी जागेवर जाताना फळ्यांवरून घसरले," आउने म्हणाली. दलदलीवर टाकलेल्या त्या फळ्या दहिवराने काचेसारख्या होतात. "बंदूक खडकावर आपटली. दुर्बिणीची बाजू. दुर्बीण जरा सरकली तरी गोळी भलतीकडे जाते. तुइस्कु आधीच भुंकायला लागली होती, परत जाऊन नेम तपासायला वेळ नव्हता."

"कुठे लागलंय दाखव," तेरो म्हणाला.

दुर्बिणीवर नखाएवढा ओरखडा होता.

"एवढंच?" तेरो उसळला. "एवढ्यासाठी तू तो नर सोडलास? अगं, तो तुझ्यापुढे उभा होता! माझ्या आजीनेसुद्धा मारला असता!"

"तुझी आजी चांगली होती नेमाला," आउने म्हणाली. "तिनेही झाडली नसती."

"आउने, खरं सांगू? डोळे गेलेत तुझे. दिसलं नाही तुला, म्हणून ही फळ्यांची गोष्ट."

मला वाटलं होतं आउने त्याला झोडपून काढेल, पण ती टोपी खाली ओढून बसली. ओस्मो बोटं मोडत होता. शेवटी तो म्हणाला, "मांसाचं बघू. प्रत्येकाच्या फ्रीझरमध्ये आहे, तिथून काढू. प्रश्न तो नाही." आणि आउनेकडे न बघता म्हणाला, "ज्याला दिसत नाही त्याला मी पुढच्या वर्षी जागा देऊ शकत नाही. कोणालाच नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"जागा दिली नसती," आउने लगेच म्हणाली.

"मग नेमाच्या मैदानावर जाऊ," तेरो म्हणाला. "उजेड आहे अजून. दुर्बीण सरकलेली निघाली तर मी सगळ्यांदेखत माफी मागेन. बरोबर निघाली, तर आपण काय ते समजू."

मला तेव्हा हा न्याय सरळ वाटला. सगळ्यांनाच वाटला. आम्ही गाड्या काढल्या.

मैदान म्हणजे पाइनच्या रानात पाडलेली एक लांब वाट आणि तिच्या टोकाला पुठ्ठ्याचा एल्क, छातीवर काळजाच्या जागी वर्तुळ काढलेला. आउनेने वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकली, पोटावर झोपली आणि श्वास सोडला. तिच्या पाठीकडे बघून माझ्या मनात आलं, ही मुद्दाम चुकवू शकते. एक गोळी जरा बाजूला घातली की झालं. आपली जागा वाचेल, नाव वाचेल, तेरो नाक घासेल. तिच्याएवढं हे कोणाला सोपं होतं?

तीन गोळ्या झाडल्या तिने, निवांत.

ओस्मोने हातातली दुर्बीण डोळ्याला लावली, आणि लावूनच राहिला. मग आम्ही चालत गेलो. तिन्ही भोकं वर्तुळाच्या मधोमध होती, कॉफीच्या कपाखाली झाकली जातील अशी. खडकावर आपटूनही बंदुकीवरची दुर्बीण केसभर हलली नव्हती. डोळेही ठणठणीत होते. म्हणजे तो नर जागच्या जागी पडला असता, आणि तो तिने जाऊ दिला होता.

"बघ!" तेरो म्हणाला. "बंदुकीला काही झालेलं नाही!"

"हो," आउने म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. "बरं झालं. रेइनोने हौसेने घेतली होती."

"अगं पण मग सोडलास कशाला?"

"हे आत्ता कळलं ना, तेरो. सकाळी मला माहीत नव्हतं."

ती इतक्या साधेपणाने बोलली की आधी माझ्या डोक्यात शिरलंच नाही. शिरलं तेव्हा मी अवाक झालो. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. तो एवढा थोरला प्राणी समोर, सगळ्या दलाचे कान तिच्या गोळीकडे, आणि ही बाई मनाला विचारते आहे, मला नक्की माहीत आहे का? आणि मन नाही म्हणतं, म्हणून बोट चापावरून काढते. मी तिथे असतो तर? 'लागेल की' म्हणून झाडून मोकळा झालो असतो. पोटात गोळी लागलेला एल्क दलदलीत कसा चालत राहतो, ते मला आणि तुइस्कुला ठाऊक आहे. त्याबद्दल मी घरीही बोलत नाही.

ओस्मोने टोपी काढून हातात धरली. पुढच्या वर्षीची तिची जागा पक्की होती. आता बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तेरो मात्र पुठ्ठ्यापाशी उभा राहून त्या भोकांकडे बघत होता. मग तो गाडीकडे गेला आणि आपली काळी बंदूक घेऊन आला.

"गुरुवारी ट्रकच्या पायरीवरून पडली होती," तो म्हणाला. "शेवाळावर. मऊ होतं, म्हणून मी..." त्याने वाक्य सोडून दिलं, वाळूच्या पिशवीवर बंदूक ठेवली आणि आडवा झाला.

त्यानेही तीन झाडल्या. बंदूक चांगली होती, गडीही नेमाला वाईट नव्हता. तिन्ही भोकं जवळजवळ होती, पण छातीवर नव्हती. हातभर मागे, पुठ्ठ्याच्या एल्कच्या पोटात होती.

कोणीही हसलं नाही. तेरोच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "माझ्याकडे आला असता तर मी झाडली असती," तो म्हणाला. "मी तर देवाचा धावा करत होतो, माझ्याकडे ये म्हणून. नशीब, तो आपणहून नदीकडे वळला."

"आपणहून नाही," आउने म्हणाली.

तिचा रंग उडालेला होता. ती त्या पोटातल्या भोकांकडे बघत होती. "तो माझ्यापुढे उभा होता, आणि मला झाडायची नव्हती. गावजेवण वाया जाऊ नये असं वाटलं. म्हणून मी उठून उभी राहिले, हात हलवले, टेकडीकडे वळावा म्हणून." "मी त्याला तुझ्याकडेच पाठवत होते, तेरो. त्यानेच ऐकलं नाही."

तेरोने बंदूक दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. आउनेने ती घेतली, बाकावर बसली आणि स्क्रू काढायचं हत्यार मागितलं. मी ते तिच्या हातावर ठेवलं. "तुझी नक्की आहे का, हे मी सकाळी विचारलंच नाही," ती तेरोला म्हणाली आणि दुर्बिणीचा पहिला स्क्रू सैल केला.