फरशी संपली तिथं आमची वस्ती

"तुम्ही जिथं बसलायत ना, तीच तुमची वस्ती समजा."

साहेब असं म्हणाला आणि समदी हसली. मी बी हसलो.

ते हसू अजून माझ्या तोंडात हाय. चूळ भरली तरी जात न्हाई.

आटपाडीच्या बाजूचं आमचं गाव. देवळापुढं फरशी घातलीया. पाण्याची योजना करणाऱ्या संस्थेची माणसं आली हुती, त्यांच्यातलाच त्यो साहेब. ऊन वाढणार, पाऊस लहरी हुणार, गावानं आधीच तयारी करायची म्हणाली. ऊन वाढलंय हे आमाला सांगाय पुण्यासनं गाडी आली.

मग म्हणाली, गावाचा नकाशा गावानंच काढायचा. फरशीवर, रांगोळीनं. विहीर निळी, घर तांबडं, रस्ता पांढरा. बायांनी वाकून वाकून काढला. सरपंचाचा मळा आला, शाळा आली, दूधडेअरी आली. ओढ्यापतोर आल्या आणि फरशी संपली. ओढ्याच्या पल्याड आमची बौद्धवस्ती. आणि मी बसलो हुतो फरशीच्या खाली, मातीत.

वर चढू नको असं आता कुणी म्हणत न्हाई. कायदा हाय. पण माझ्या बापाचं पाय जिथं थांबायचं तिथंच माझं थांबलं. आणि 'वर या' असं बी कुणी म्हणालं न्हाई.

मी म्हणालो, "सायेब, आमची वस्ती ऱ्हायली."

तवा साहेब ते बोलला.

मग कागद फिरला. मी चौथी शिकलोय. सही येते, सहीचा लय तोरा. गुडघ्यावर कागद धरून झोकात सही ठोकली. वर काय लिवलंय ते वाचलं न्हाई. ही चूक माझी. दुसऱ्या कुणावर घालणार न्हाई.

नकाशाचा फोटो काढला. त्यावरनं टाकी ठरली, नळ ठरलं. टाकी झाली. पाईप ओढ्यापाशी येऊन थांबली. फरशी थांबली हुती, नेमकी तिथं. विचाराय गेलो तर साहेब म्हणाला, "आजोबा, आराखड्यात तुमची वस्तीच नाही. सगळ्यांच्या सह्या आहेत. तुमचीही आहे."

माझी बायको सोनाबाई. गावातल्या तोटीवर गेली की बाया म्हणायच्या, "आमचं हुंदे आधी, मावशे." मग ती जायची बंद झाली. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची. मला एकदाच बोलली. "आवं, सही करताना डोळं कुठं हुतं तुमचं?"

पुन्यांदा बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं.

वैशाखात एका दुपारी ती लवकर आली न्हाई म्हणून बघाय गेलो. झिऱ्याच्या कडेला आडवी. घागर अर्धी भरल्याली. वाटी हातात. डॉक्टर म्हणाला, ऊन लागलं. ऊन तर समद्या गावाला लागलं हुतं. मेली ती वाटीनं पाणी भरणारी.

औंदा तीच माणसं परत आली. साहेब सरपंचाला घेऊन थेट माझ्या दारात. साहेब आपणहून मागून चहा प्याला. आमच्या घरचा चहा कवा प्याला न्हाई त्यो. तवाच मला डावाचा वास आला.

"आजोबा, आजी गेल्याचं कळलं. त्यांचा एखादा फोटो आहे का? आमच्या पुस्तिकेत घालू."

"कशाला?"

"उन्हानं गेल्या ना. लोकांना कळायला हवं."

मी म्हणालो, "उन्हानं न्हाई. तुमच्या रांगोळीनं गेली."

साहेबानं मग हळूच कागद पुढं सरकवला. या बारीला मी वाचला. एकेका अक्षरावर बोट ठेवून. चहा निवला, सरपंच घड्याळ बघाय लागला, तरी वाचला. दुर्बल वस्तीसाठी नवी टाकी. वस्तीची संमती, म्हणजे आमच्या सह्या लागणार. आणि जागा? ओढ्याच्या गावाकडच्या अंगाला, सरपंचाच्या मळ्याला लागून.

नाव आमचं, पाणी त्यांचं.

सरपंच म्हणाला, "आवं, करा की सही. तुमच्याच भल्याचं हाय. आडवं कशाला लावताय?"

"भल्याचं हाय तर नकाशा परत काढा. आमच्या अंगणात. सारवून देतो. आधी आमची घरं, मग ओढा, मग गाव."

"एवढ्याशा अंगणात गाव मावंल व्हय?"

"न्हाई मावलं तर भाईर बसा. तुमी जिथं बसला तेच गाव समजू."

कुणी हसलं न्हाई. कागद घडी घालून गेली.

मी दारोदार फिरलो. कुणी सही द्यायची न्हाई म्हणालो. शेजारची पारू म्हणाली, "तात्या, आलेली टाकी बी जाईल की."

जाईल. मी खोटं सांगत न्हाई. साहेब परत यील, एकेकाला गाठील, गोड बोलंल. कोण फुटंल ते बी मला ठाव न्हाई. मी मरायची वाट बघत्यात, एवढं ठाव हाय.

अंगण मी सारवून ठेवलंय. दर आठ दिसाला सारवतो. त्याला लागणारं पाणी झिऱ्यावरनं तिच्याच वाटीनं आणतो. फोटो दिला न्हाई. सही बी देणार न्हाई. पाईप ओढा ओलांडून माझ्या दारात येऊ द्या. तोटी सोडून बघीन, घागर भरून घीन. मगच पेन हातात धरीन.