जयवंतच्या होडीचं इंजिन

कोंडीरामचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. वरळीच्या बीडीडी चाळीनं तो खपवून घेतला होता, कारण बिघडलेलं इंजिन या माणसापुढे गुमान सुरू व्हायचं. गिरणीत तो फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी कोळीवाड्यातल्या होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. नट अडला की शिवी, माणूस अडला की थोबाडीत. बायको बकुळाही त्यातून सुटली नव्हती. मनानं चांगला आहे हो, असं म्हणणारेही होते. त्यांनी त्याचा मार खाल्ला नव्हता.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि शहर पेटलं. नाक्यावर आधी दगड, मग अश्रुधूर, मग गोळ्या. बकुळाचा धाकटा भाऊ जगदीश मांडीत गोळी लागून पडला. परळच्या इस्पितळाचा रस्ता पोलिसांच्या बंदुकांनी अडवलेला. कोंडीरामनं जयवंत कोळ्याला होडी काढायला लावली. समुद्रातून गिरगाव चौपाटी गाठली की तिथले एक ओळखीचे डॉक्टर बघणार होते. जगदीशचा दोस्त बंडू धोतराची घडी दोन्ही हातांनी जखमेवर दाबून बसला. हात जरा सैल पडला तरी रक्त उसळायचं. निघताना बकुळा एवढंच म्हणाली, "त्याला जिवंत आणा."

ओहोटी होती. होडी चिखलातून रेटतच पाण्यात घातली, आणि तिथेच घात झाला. महालक्ष्मीच्या खडकांसमोर इंजिनाचा आवाज बदलला. धुराच्या नळीतून धुराबरोबर पाण्याची पिचकारी उडायला हवी; ती थांबली होती. आधी पांढरी वाफ आली, मग रंग जळल्याचा वास. पट्टा शाबूत, पंप फिरतोय, म्हणजे पाणी ओढणारी गाळणी चिखलानं बुजली. कोंडीरामनं इंजिन मंद केलं. हळूहळू निवू द्यायचं, मग बंद करून गाळणी साफ करायची. तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर ते तडकतं.

हे बंडूला कुठून ठाऊक असणार? दोन दिवस तो चाळीसमोर एकच काम करत होता: अश्रुधूर ओकणारं नळकांडं पडलं की त्यावर ओलं पोतं नाहीतर बादलीभर पाणी. नळीतून धूर उसळलेला दिसला आणि त्याचे हात आपसूक चालले. जखम सोडून त्यानं बादली उचलली आणि इंजिनावर ओतली. टण्ण आवाज झाला.

कोंडीरामच्या हातात पाना होता. पहिला घाव बंडूच्या जबड्यावर बसला. बंडू कोसळला तरी हा थांबेना. लाथा, पाना, पुन्हा लाथा. जयवंतला सुकाणू सोडता येत नव्हतं, सोडलं तर होडी खडकावर. तो घसा फोडून ओरडत होता, "त्याला सोड रे! जगदीशची जखम दाब, जखम!"

कोंडीरामच्या कानात ते शिरलंच नाही. दमल्यावर तो वळला तोही इंजिनाकडेच. तडा कुठेच नव्हता. पाणी पत्र्याच्या झाकणावर पडलं होतं, आवाज त्याचा. त्यानं इंजिन बंद केलं, गाळणीतला चिखल बोटांनी खरवडला, हँडल मारलं. नळीनं पाण्याची पिचकारी टाकली. "आलं पाणी," असं म्हणत तो मोठ्या खुशीत जगदीशकडे वळला. होडीच्या तळाशी सगळं लाल झालं होतं. जगदीश संपला होता.

त्यानंतर कोंडीराम निवळला, असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल; पण त्याच वर्षी त्यानं आणखी एकाचे दात पाडले. घरी त्यानं सांगितलं की रक्त थांबलंच नाही. जयवंत गप्प राहिला. बंडूचा जबडा वाकडा जुळला. कुणी विचारलं तर तो सांगायचा, पोलिसांची लाठी. बकुळाला आणखी एक घाव कशाला, एवढाच त्याचा हिशेब.

साठ साली महाराष्ट्र झाला. चाळीच्या मंडळानं सभा भरवून जगदीशच्या नावानं बकुळाला शाल-नारळ दिला. मग लाठी खाल्लेला कार्यकर्ता म्हणून बंडूला वर बोलावलं. लोक टाळ्या वाजवू लागले. कोंडीराम खाली मान घालून बसला होता. बकुळानं त्याला कोपरानं ढोसलं.

"वाजवा की," ती म्हणाली. "माझ्या भावाला त्यानं शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं."

कोंडीरामनं टाळ्या वाजवल्या.