दिवस मावळायच्या आत येलदरी

आमच्या ह्यांना दिवस मावळला की दिसत नाही. दिवसाही आता समोरचं तेवढंच दिसतं, दार किलकिलं करून पाहावं तसं. बाजूनं ट्रक येवो नाहीतर म्हैस, ह्यांना पत्ता नसतो. ही फट मिटत जाणार आणि त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी गेल्या दिवाळीआधी सांगितलं. त्यावर ह्या माणसानं काय म्हणावं? "मग या थंडीत सायकलीवर येलदरीला जाऊन येऊ."

मी भांडले. भांडून काही होत नाही हे इतक्या वर्षांच्या संसारात मला कळलेलं आहे, तरी भांडले. आम्ही दोघं दर हिवाळ्यात सामान बांधून सायकलीवर लांब लांब जातो, हे खरं. पण तेव्हा हे पुढं असायचे आणि मी मागून धापा टाकत, मनात शिव्या घालत यायची. आता मला पुढं राहायचं होतं. रस्त्यावर काम करणारे घालतात तसलं केशरी जाकीट अंगात अडकवून मी पुढं, आणि त्या जाकिटावर नजर रोखून हे मागं.

लांब जायचं नाही, आपल्या परभणी जिल्ह्यातच फिरायचं, एवढं मी कबूल करून घेतलं. पोखर्णीला नृसिंहाचं दर्शन झालं. पेडगावला नणंदेकडं मुक्काम झाला. तिलाही डोळ्यांचं सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगायचं नाही अशी मला तंबी होती. शेवटचा पल्ला येलदरीचा. कॉलेजात असताना हे मित्रांबरोबर जिंतूरच्या पुढचा चढ चढून गेले होते आणि एका वळणावर धरणाचं सगळं पाणी एकदम समोर आलं होतं. ते त्यांना डोळे आहेत तोवर पुन्हा एकदा पाहायचं होतं. म्हणजे दिवस मावळायच्या आत पोचायला हवं. बाकी काही नाही, एवढंच काम होतं आम्हाला त्या दिवशी.

सकाळी निघालो तर मेला वारा तोंडावर. दोन्हीकडं ज्वारी नुसती लवत होती आणि आम्ही सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखे चाललो होतो. वर माझी बडबड. "खड्डा! डावीकडून घ्या! अहो, म्हैस! म्हैस! थांबा म्हणते ना!" दहा वाजेपर्यंत घसा बसला. बोरीच्या अलीकडं एका हॉटेलाशी चहाला थांबलो, तर बाकड्यावरच्या म्हाताऱ्यानं मलाच सुनावलं. "बाई, मघापासून ऐकायलोय मी. मालकाला लय बोलायल्यात तुमी. एवढं बरं न्हाई."

"सवय हाय मला, काका," हे म्हणाले आणि बशीत चहा ओतून मजेत प्यायले.

जगाला मी कजाग दिसले तरी चालेल, पण ह्यांना कुणी आंधळं म्हणू नये, अशी ती सगळी व्यवस्था होती. मला त्या म्हाताऱ्याचा नाही, ह्यांच्या त्या मजेत चहा पिण्याचा राग आला.

बोरी सोडल्यावर रस्त्यावर बाभळीची फांदी पडली होती. मी चुकवली, पण वळून ओरडेपर्यंत ह्यांचं पुढचं चाक बसलं. शेजारच्या रानात मेंढरं बसवलेली होती. तिथली बाई धावत आली. "आमचीच फांदी हाय बाई ती. शेळ्यायला तोडली व्हती." तिनं बिचारीनं घमेल्यात पाणी आणून दिलं.

पंक्चर काढायला हे बसले. ट्यूब पाण्यात धरायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं, एवढंच असतं. ह्यांना बुडबुडे सापडेनात. शेवटी ट्यूब गालाशी धरून फुंकर कुठं लागते ते चाचपत बसले. एक भोक सापडलं, चिकटवलं, चाक बसवलं, हवा भरली. पुन्हा हवा गेली. टायरात आणखी एक काटा होता.

"द्या इकडं," मी म्हणाले.

"मी करतो," ते मान वर न करता म्हणाले.

हिसकावून घेतलं असतं तर पाव तासात काम झालं असतं. पण घरातलं प्रत्येक पंक्चर आजवर त्याच हातांनी काढलेलं. मी बांधावर जाऊन बसले आणि ऊन कलताना बघत राहिले. ती बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दिसंना का ओ त्यायला?" मी म्हटलं, "डोळ्यात कचरा गेलाय." तिनं मान हलवली. तिला पटलं नव्हतं.

जिंतूर आलं तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. जिनिंगला कापूस टाकून रिकामी परतणारी एक पिकअप शेजारी थांबली. "टाका की सायकली मागं. येलदरीलाच जायलोय. दिवसाउजेडी सोडतो." मी तर सायकल उचललीच होती.

"नको," हे म्हणाले. "चालवतच जायचंय."

"अहो, दिवस चाललाय!"

"माहितीय मला."

"मग बसा ना! पाणी पाहायचंय ना तुम्हाला?"

"उद्यापासून मला सगळे नेणारच हायेत," ते म्हणाले. "आजच्याला मी जातो."

पिकअप निघून गेली. मला इतकं रडू आलं की रस्ताच दिसेना. दोघंही सारखेच झालो म्हणा ना.

चढावर मी वेड्यासारखं पायडल मारलं. मनात कुठल्या कुठल्या देवाला काय काय बोलले, आठवत नाही. वारा पडला, पण आता त्याचा काय उपयोग? सूर्य डोंगराला टेकला आणि गेला. मला अजून सगळं दिसत होतं. मागं खडी खरखरली म्हणून वळले, तर हे डांबर सोडून खाली उतरले होते.

"जाकीट दिसंना गं," ते म्हणाले.

मग चालत गेलो. दोघांनी सायकली ढकलल्या. त्यांचा एक हात माझ्या कॅरिअरवर होता. ओरडण्यासारखंही माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

वळण आलं. डाव्या हाताला खाली सगळं पाणी पसरलं होतं, वरच्या आभाळाची लाली अजून त्यावर होती. किनाऱ्याकडं परतणारी एक होडीसुद्धा मला दिसली. मला काय करायचं होतं ते पाहून?

"आलो," मी म्हणाले.

ह्यांनी सायकल स्टँडवर लावली. रुमालानं तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि उजवीकडच्या टेकडीकडं तोंड करून ताठ उभे राहिले. खूप वेळ पाहत होते. मग म्हणाले, "लय पाणी हाय यंदा."

त्यांना दंडाला धरून वळवायला मी हात पुढं केला होता. तो तसाच मागं घेतला.

"हो," मी म्हणाले. "लय हाय."

आणि पाण्याकडं पाठ करून मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले.