आधी तुझ्या कानात घाल

बायकांच्या चपला घालून भर बाजारात चालणारा दुकानदार मी पाहिलाय. त्याला चालायला लावणाऱ्या आमच्या टेंभुर्णीच्या गोदाकाकू. खोकल्याचं औषध विकणाऱ्यालाही त्यांनी त्याच्याच बाटलीतले घोट घ्यायला लावले होते. "आधी तू घे, मंग मी घेते," हा त्यांचा कायदा. त्या येताना दिसल्या की विक्रेते उगाच माल झाकायला लागत.

माझा कॉम्प्युटर क्लास त्यांच्या शेजारीच होता. गावात इंटरनेट नवं होतं आणि मी त्याचा मालक असल्यासारखा वावरायचो. काकूंना कमी ऐकू येऊ लागलं, नेमकी तेव्हाच त्यांची नात सोनी बोलायला लागली.

"लेकरू बोबडं बोलतंय तोवर ऐकायचंय रे मला. जल्दी काही तरी कर."

मी एका परदेशी साइटवर कानाचं मशीन शोधलं. साइटवर विकणाऱ्याचा पत्ता नव्हता, माल परत घेण्याबद्दल अक्षरही नव्हतं. ते मला दिसलं होतं. पण काकू माझ्या बोटांकडे इतक्या कौतुकाने बघत होत्या, की मी बटण दाबून टाकलं.

पार्सल आलं. काकूंनी डबी माझ्यापुढे धरली. "आधी तुझ्या कानात घाल."

"मी कशाला?" मी ओरडून म्हणालो. "मी फक्त मागवून दिलं. विकणारा तिकडं, समुद्रापार!"

"त्याला म्या पाह्यलं न्हाई. माझा दुकानदार तूच."

मी हसून मशीन त्यांच्याच कानात बसवलं. ते असं किंचाळलं की ओट्यावरचं मांजर उठून पळालं. काकू डोळे मिटून बसल्या, मग म्हणाल्या, "पंखा लई बोलतोय. लेकरू न्हाई."

मी मेल पाठवत राहिलो. उत्तर आलं नाही, पुढे साइटच नाहीशी झाली. ज्या कार्डाने पैसे भरले त्याच्या बँकेकडे तक्रार करता येते हे मला मुदत संपल्यावर कळलं. काकू मात्र क्लासच्या पायरीवर बसून येणाऱ्या पोरांना सांगायच्या, "हितं शिका, बिलकुल शिका. फक्त काही मागवू नका." मी मागे उभा राहून हळूच म्हणायचो, "चुकलं, काकू." ऐकू जाणार नाही याची खात्री होती म्हणूनच.

वर्षभराने त्यांच्या मुलाने त्यांना जालन्याला, कानाच्या मशीनच्या दुकानात नेलं. सून आणि सोनी होत्याच, मीही गेलो. तिथल्या दुकानदाराने काकूंकडे एकदा पाहिलं आणि निमूटपणे मशीन आधी स्वतःच्या कानात घातलं. मग ते काकूंच्या कानात बसलं. त्यांच्या मांडीवरून सोनी म्हणाली, "आजी, तुला ऐकू येतंय का?" शब्द न् शब्द स्वच्छ.

काकूंचा चेहरा फुलला, मग जरा उतरला. सुनेला म्हणाल्या, "आता बोबडं न्हाई बोलत व्हय ही?"

स्टँडवर त्यांनी मला गाठलं. "रोज माझ्या मागं उभा राहून काय पुटपुटायचास रे? दाराच्या काचेत दिसायचे तुझे ओठ. म्हण आता."

"काकू, चहा घेता का?" मी म्हणालो.

"येतंय," त्या हसल्या. "बराबर ऐकू येतंय."

पुढे काकू वारल्या. तेराव्यानंतर त्यांची सून ती परदेशी डबी घेऊन आली. "आत्याबाई सांगून गेल्यात, दुकानदाराला वापस द्या म्हणून."

मी नवा सेल टाकून मशीन कानात घातलं. ते पहिल्यासारखंच किंचाळलं. त्या आवाजात मी म्हणालो, "काकू, साइटवर पत्ता नव्हता. मी पाहिलं होतं."

मग मशीन काढलं आणि तेच पुन्हा म्हणालो. या वेळी मलाही ऐकू आलं.