दांडा आणि बटनं

नवल जळगावच्या एका डाळमिलमध्ये मशिनांची देखभाल करतो. मुलगी भाविका चौथीत आहे. तिच्यापुढे त्याची एक फुशारकी ठरलेली होती. लहानपणी पाचोऱ्यात, स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात त्याला हरवणारं कोणी नव्हतं. मोबाइलवर बोटं घासणं हा काय खेळ? पोरीनं हे इतक्यांदा ऐकलं की वर्गातही सांगून टाकलं.

परवा धुळ्याला लग्न होतं. कार्यालयाशेजारच्या गेम झोनमध्ये तसलंच जुनं मशीन दिसलं. भाविकानंच त्याला ओढत नेलं. गेमही तोच, मारामारीचा. नवलनं बाह्या सरसावल्या.

"दाखवा आता," बायको मेघा म्हणाली.

पडद्यावरच्या पहिल्याच पैलवानानं नवलला धोपटलं. त्याचा गडी भिंतीकडे तोंड करून नुसता उड्या मारत राहिला. दुसऱ्या डावातही तेच. मेघा पदर तोंडाला लावून हसत होती. भाविका हसत नव्हती, आणि नवलला तेच लागलं.

"पप्पा, तुम्ही खरंच जिंकायचे?"

नवलनं हातांकडे पाहिलं. उजवा नीट चालत होता. घोळ डाव्याचा होता. मग त्याच्या ध्यानात आलं. पाचोऱ्यात दोन पोरं मिळून एक डाव घेत. एकानं डाव्या बाजूचा, गडी हलवायचा दांडा धरायचा, दुसऱ्यानं ठोशांची बटनं मारायची. दांडा कायम त्याच्या जोडीदाराकडे, जितेंद्रकडे असायचा. नवलनं त्याला कधी हातच लावला नव्हता. सांगता सांगता गोष्टीतून जितेंद्र कधी गळाला, ते त्यालाही कळलं नव्हतं.

त्यानं लेकीला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही अर्धे चॅम्पियन."

"हो. धर दांडा."

दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. नवलच्या तोंडी एकदम पाचोऱ्याची बोली आली. मांगे सरक, आते पुढे, थांब. त्याची बोटं बटनांवर पावसासारखी पडू लागली. पहिला पैलवान आडवा झाला. मग दुसरा. पंगत बसल्याचं मेघानं दोनदा सांगितलं. कोणी मान वळवली नाही.

तिसऱ्यानं मात्र त्यांना लोळवलं.

"आता बटनं मी," भाविका म्हणाली.

"छे. जितेंद्रनं कधी मागितली नाहीत."

"तो भोळा असेल."

नवल डावीकडे सरकला आणि त्यानं दांडा धरला.