खांद्यावरची गाठ

कॅसलरॉकपलीकडच्या रानात, कुणब्यांच्या एका वाडीवर गंगूआजी राहते. मी खानापूरचा फिरता कापडवाला. गेल्या साली तिने मला एकच गोष्ट सांगितली होती: मेल्यावर नेसवायला हातमागाचं, जाडंभरडं, तांबड्या चौकड्यांचं लुगडं आण. त्यासाठीच यंदा मार्गशीर्षात निघालो.

खरं सांगायचं तर ते लुगडं माझ्या गाठोड्यात नव्हतंच. विणणाऱ्याने माग मोडून गिरणीत नोकरी धरली होती. मग तशाच चौकड्यांचं गिरणीचं लुगडं उचललं. म्हातारीच्या डोळ्यांना काय कळणार, म्हटलं.

कोणाला जायचं असेल तर सकाळच्या आगगाडीने कॅसलरॉकला उतरावं. पुढे बैलगाडी मिळते, पण भाडं आधीच ठरवा. चढ लागला की गाडीवान अडून बसतो. शिदोरी दोन वेळची घ्या. शेवटचा कोसभर पायवाट आहे आणि एकच ओढा दोनदा ओलांडावा लागतो. वाडीवर मात्र कोणी उपाशी ठेवत नाही. मला पोचल्या पोचल्या उकडलेले कंद आणि मिरचीची चटणी मिळाली.

अंगणात आजीच्या सुना भात कांडत होत्या. दोघींच्या अंगात पोलकी. पूर्वी इथे पोलकं कोणी पाहिलंही नव्हतं. लुगड्याचं टोक काखेखालून वर घेऊन खांद्यावर गाठ मारली की झालं नेसणं. स्टेशनावरच्या बायका बघून यांना हौस सुटली, असं मी बाजारात रंगवून सांगत असे आणि ते वाडीवरही पोचलं होतं. गिरणीची लुगडी इथे मीच आणली आणि पोलकीही मीच विकली.

आजीने अंगावरच्या लुगड्यावरूनच नवं गुंडाळलं. गाठ मारली, हात वर केला, गाठ सुटली. तीनदा तेच झालं.

“शेट, ह्ये गाठ धरत न्हाई.”

“घट्ट मारा, आजी.”

थोरलीने मुसळ थांबवलं. “घट्ट मारून बी सुटतंय. गुळगुळीत हाय कापड. म्हणून तर आमी पोलकं घालतो. हौस कुठली?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आजी, हातमागाचं मिळालं नाही. मी तुम्हाला फसवलं.”

“आता कुठंच न्हाई व्हय?”

“माझ्या माहितीत नाही.”

ती बराच वेळ अंगावरचं विटकं लुगडं चाचपत राहिली. मग म्हणाली, “तर ह्येच धुऊन ठिवते. म्हातारा मला ह्याच गाठीत बघून गेला. तिकडं बी गाठीवरनंच वळखंल.” आणि विचारलं, “पोलकं हाय गाठोड्यात?”

उरलेले दिवस काढायला तिला आता माझंच लुगडं नेसावं लागणार होतं. बाहीत हात घालताना ती अवघडली. धाकटीने बटणं लावून दिली.

परतीच्या गाडीत गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. इतकी वर्षं मी कापड विकतो, पण कापड गाठ धरतं की नाही हे एकदाही पाहिलं नव्हतं.

घरी बायकोने पाणी पुढे केलं. “म्हातारी नेसली का हो लुगडं?”

“नेसली,” मी म्हणालो. “पोलक्यावर.”