पाहुण्यांचा नाश्ता आणि न चाखलेली कढी

लॉजवर पाहुणा दोन दिवस राहतो आणि जातो, पण त्याचा किस्सा काही खोली सोडत नाही. सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराला मी सीताबर्डीतल्या एका लॉजचा मॅनेजर होतो आणि माझी बायको सुमन तिथंच स्वयंपाक करायची. आज चार मित्र जमले की हे किस्से निघतात, सगळे पोट धरून हसतात. तेव्हा मात्र मला हसू सुचत नव्हतं.

कारण होतं काउंटरवर सुतळीनं बांधलेली तक्रारवही. मालकांनी दिवाळीच्या आधीच बजावलं होतं, "सालभरात तीन तक्रारी झाल्या का स्वयंपाकघर बंद. मंग मागच्या दोन खोल्याबी खाली करा लागतीन." त्या दोन खोल्यांतच आमचा संसार होता. त्यामुळे पाहुण्यानं घास तोंडात घातला की मी त्याच्या ताटाकडे नाही, खिशातल्या पेनाकडे बघायचो.

*

एकदा पुण्याचे एक प्रोफेसर उतरले. सकाळी सुमननं आपले नेहमीचे पोहे दिले, वरून चण्याची लाल तर्री.

प्रोफेसर दचकले. "अहो, यावर हे काय सांडलं?"

"सांडलं नाही भाऊ, वाढलं," सुमन म्हणाली.

माझी नजर त्यांच्या खिशातल्या पेनाकडे गेली. त्यांना हवं होतं ओलं खोबरं आणि चिमूटभर साखर. साखर होती, पण सकाळी सात वाजता नारळ कुठून आणायचा? सायकल मारत देवळापाशी गेलो, हारवाल्याकडून नारळ घेऊन फोडला. अर्धा देवापुढे ठेवला, अर्धा खवून पोह्यांवर आला.

प्रोफेसरांनी ते पोहे निमूटपणे संपवले, रुमालानं तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "ती मघाची प्लेट आहे का अजून?"

*

त्या दिवाळीत लॉज रिकामा होता. उरला फक्त औषध कंपनीचा एक एजंट, जळगावचा. सुट्टी न मिळाल्यामुळे तो चिडलेलाच होता. सुमननं लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फराळाचं ताट भरून दिलं. त्यानं चकली मोडली आणि म्हणाला, "आईच्या हातची अशी नसते."

भाऊबीजेपर्यंत त्यानं रोज ताट चाटूनपुसून संपवलं आणि रोज हेच ऐकवलं. तो वहीत काय लिहून जाईल या धास्तीनं मला झोप लागेना. शेवटी सुमननं त्याच्याकडून पत्ता घेतला आणि त्याच्या आईला अंतर्देशीय पत्र टाकलं. 'तुमची चकलीची रीत कळवा, मुलाला आमची आवडत नाही.'

आठवड्यानं उत्तर आलं. 'बाई, त्यानं माझी चकली आजवर तोंडाला लावली नाही. तुम्ही कशी करता, ते कळवा.'

*

पण नशीब रोज साथ देत नाही. एका एकादशीला तीन साहेब एकाच टेबलावर बसले. साबुदाण्याची उसळ, म्हणजे बाकीच्यांची खिचडी, करायची होती. एक म्हणाले, उपवासाला कोथिंबीर चालत नाही. दुसरे म्हणाले, कोथिंबिरीशिवाय गिळवत नाही. तिसऱ्यांनी तर जिऱ्यापासून मिठापर्यंत सगळ्यांचे नियम घडाघडा सांगितले. त्या गोंधळात मी घाबरून दोन प्लेटांची अदलाबदल केली.

दोघांनीही तक्रार लिहिली. एकानं 'उसळीत कोथिंबीर', दुसऱ्यानं 'उसळीत कोथिंबीर नाही'.

मी तिसऱ्यांपुढे हात जोडले, "साहेब, तुमच्यासाठी काय करू?"

"मले तर्री-पोहे द्या," ते म्हणाले. "माहा उपास नाही. मी तं या दोघायले फक्त सांगून राहिलो होतो."

मालकांनी त्या दोन वेगवेगळ्या तक्रारी धरल्या. आता एकच उरली होती.

*

पुढं भादव्यात मालकीणबाईंचा हात मोडला आणि त्यांच्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, लॉजच्या हॉलमध्ये बसल्या. मालकांच्या नव्या विहीणबाई जेवायला येणार होत्या. बाई भलत्याच चोखंदळ. मालक म्हणाले, "आज काही कमीजास्त झालं, तं वहीची गरज नाही."

सुमन पहाटेपासून सोवळ्यात होती. पुरण, सोळा भाज्या, आंबील, मोठं पातेलंभर कढी. नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखायचं नाही, हा नियम. माझ्या जिवाला चैन नव्हती. ती पुरण वाटत असताना मला वाटलं, कढीत मीठ राहिलं. मी मूठभर टाकलं.

पंगत बसायच्या वेळी मी तिला हे सांगितलं. "अवो, मी टाकलं होतं ना," ती म्हणाली. आणि कढी थांबवायला दाराकडे धावली. तोवर पहिली वाटी मालकांपुढे पोचलीही होती.

मालकांनी घोट घेतला. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या सुमनकडे पाहिलं. मी मनातल्या मनात ट्रंका भरायला घेतल्या.

"कढी कोणाले वाढू नका," मालक म्हणाले. "मले लय आवडते. पातेलं इकडंच ठेवा. विहीणबाईले आंबील द्या."

आणि भुरके मारत ते तीन वाट्या कढी प्यायले. विहीणबाई हसून म्हणाल्या, "व्याही कढीचे भारीच शौकीन दिसतात."

पाहुणे गेल्यावर मालक स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "सुमनबाई, पुढच्या सालीबी महालक्ष्म्या इथंच बसतीन."

मग माठापाशी गेले आणि उभ्याउभ्या चार गिलास पाणी प्यायले.